‘काम मंजूर झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

वाचकांचे प्रश्न : प्रभाग, नगरसेवक आणि महापालिकेची माहिती

(उत्तरं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या महापालिकांना धरून आहेत. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, नगरपरिषदांना १९६५ चा. तिथे पदांची नावं आणि काही मुदती वेगळ्या असतात.)

प्रश्न : मी पहिल्यांदाच निवडून आले आहे. दर महिन्याला प्रभागातल्या कामांची माहिती व्हॉट्सॲपवर आणि छापील पत्रकातून देते. तरी लोक म्हणतात, ‘ताई, फोटो सोडून काही कळत नाही.’ नेमकं काय लिहावं?

लोकांची तक्रार रास्त आहे. बहुतेक पत्रकांत दोनच क्रियापदं असतात : ‘मंजूर झालं’ आणि ‘लवकरच सुरू होईल’. या दोन शब्दांच्या मध्ये सहा-सात टप्पे असतात, आणि काम अडतं ते तिथेच. तुमचं पत्रक त्या टप्प्यांची भाषा बोलू लागलं की अर्धे फोन आपोआप कमी होतील.

टप्पे असे. तुमचं पत्र क्षेत्रीय कार्यालयात (काही शहरांत त्याला प्रभाग कार्यालय म्हणतात) जातं, त्याला आवक क्रमांक, म्हणजे पत्र मिळाल्याच्या नोंदीचा क्रमांक पडतो. कनिष्ठ अभियंता जागा पाहून दरसूचीप्रमाणे (ठरवून दिलेल्या दरांच्या यादीप्रमाणे) एस्टिमेट, म्हणजे पूर्वगणनपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते आणि कोणत्या अर्थशीर्षकातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातून) खर्च करायचा ते ठरून प्रशासकीय मान्यता लागते. मग निविदा निघते. ती उघडल्यावर, रक्कम आयुक्तांच्या अधिकारापेक्षा मोठी असेल तर प्रस्ताव स्थायी समितीपुढे, म्हणजे खर्चाला मान्यता देणाऱ्या निवडक नगरसेवकांच्या समितीपुढे जातो. समितीने मान्यता दिल्यावर ठेकेदार सुरक्षा ठेव भरतो, करारनामा होतो आणि तेव्हा कुठे कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर निघते. काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद, मग बिल. त्यानंतर दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत सुरू होते.

‘मंजूर’ हा शब्द यांपैकी कोणत्याही टप्प्याला वापरला जातो. एस्टिमेट झालं तरी मंजूर, स्थायीत विषय आला तरी मंजूर, अंदाजपत्रकात नाव छापून आलं तरी मंजूर. म्हणून तो शब्द पत्रकातून काढूनच टाका आणि टप्प्याचं नाव लिहा.

नमुना म्हणून एक नोंद (नाव, आकडे, तारखा तुमच्या घालायच्या) :

‘शाळेमागच्या गल्लीतली पावसाळी गटार, गल्लीच्या तोंडापासून नाल्यापर्यंत, १८० मीटर. टप्पा : निविदा उघडली, स्थायी समितीची मान्यता बाकी. एस्टिमेट : अमुक लाख. अर्थशीर्षक : अमुक. विषय अमुक तारखेच्या सभेत येणं अपेक्षित. जबाबदार अधिकारी : कनिष्ठ अभियंता, मलनिःसारण, क्षेत्रीय कार्यालय. अडचण : गल्लीच्या मधोमध विजेची केबल आहे, ती हलवण्याचं पत्र वीज कंपनीला गेलं आहे, उत्तर आलेलं नाही. मागच्या महिन्यात टप्पा : तांत्रिक मान्यता.’

यात शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. मागच्या महिन्यापासून काय हललं हे कळलं की वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवतो. काहीच हललं नसेल तर ‘बदल नाही’ असंच लिहा. ते काम यादीतून गुपचूप गाळलं की लोकांच्या लगेच लक्षात येतं.

दोन सूचना. एक, लांबी-रुंदी लिहिताना ‘पासून-पर्यंत’ द्या. ‘प्रभागातले रस्ते’ अशा नोंदीचा पुढे कोणालाच हिशेब लागत नाही. दुसरी, काम संपल्यावर ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख छापा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. ही तारीख रहिवाशांना माहीत नसते म्हणून त्याच खड्ड्यासाठी नवं एस्टिमेट निघतं. निविदा एस्टिमेटपेक्षा फारच कमी दराने गेली असेल तर तेही सांगा; अशा वेळी ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते आणि कामावर लक्ष ठेवायला लोकांना कारण मिळतं.

फोटो टाकायचाच तर भूमिपूजनाचा नको. खोदलेल्या चरात टेप धरून खोली दाखवणारा एक फोटो नारळ फोडतानाच्या दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

प्रश्न : आमचे नगरसेवक प्रत्येक कामाला ‘निधी नाही’ म्हणतात. हे खरं की बहाणा, ते कसं तपासायचं?

‘निधी नाही’ याचे तीन वेगळे अर्थ असू शकतात, आणि तिन्ही तपासता येतात.

पहिला : अंदाजपत्रकात त्या कामाला तरतूदच नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावर असतं. त्यात महसुली आणि भांडवली असे दोन भाग असतात. दुरुस्ती-देखभाल महसुलीत शोधा, नवीन बांधकाम भांडवलीत. प्रभागाच्या नावाने शोधून सापडलं नाही तर खात्याच्या नावाने पाहा (पथ, पाणीपुरवठा, मलनिःसारण, विद्युत), कारण पुष्कळ कामं खात्याच्या एकत्रित शीर्षकाखाली दडलेली असतात. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर संगणकाचा शोध चालत नाही. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर अक्षरं दिसतात पण युनिकोडमध्ये टाइप करून शोधली की सापडत नाहीत. अशा वेळी अर्थशीर्षकाचा सांकेतिक क्रमांक शोधा, तो सापडण्याची शक्यता जास्त.

दुसरा : तरतूद होती, पण वर्गीकरणाने दुसरीकडे गेली. वर्षाच्या मध्यात एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा प्रस्ताव येतो, त्याला वर्गीकरण म्हणतात. हे प्रस्ताव सभेपुढे येतात, म्हणजे कार्यपत्रिकेत (सभेपुढच्या विषयांच्या छापील यादीत) असतात. ‘अमुक अर्थशीर्षकातून या वर्षी कुठे कुठे वर्गीकरण झालं’ हा प्रश्न नगरसेवकांना नावानिशी विचारा. जाणकार नगरसेवक त्याचं उत्तर देतो. बाकीचे विषय बदलतात.

तिसरा : कागदावर तरतूद आहे, तिजोरीत पैसे नाहीत. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर घालून मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे ठेवते. जमेची बाजू त्या भरीइतकी वाढत नाही. मग चालू वर्षी निम्मीशिम्मी कामं सुरू होतात आणि आधीच्या वर्षांची देयकं, ज्याला दायित्व म्हणतात, नव्या वर्षाचे पैसे खातात. आपल्या प्रभागाच्या नावावर किती मोठा आकडा छापला यापेक्षा मागच्या वर्षीच्या आकड्यापैकी प्रत्यक्षात किती खर्च झाला हे विचारणं जास्त उपयोगाचं.

काम सुचवायचं असेल तर वेळ महत्त्वाची. करांचे दर मुख्य सभेला २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, आणि खात्यांच्या याद्या त्याच्या बऱ्याच आधी बांधल्या जातात. मार्चमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षावर जातं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवण्याची पद्धत आहे. तुमच्या शहरात तशी सोय असेल तर अर्जाची मुदत नगरसेवकांनी पत्रकात छापावी, अशी मागणीच करा.

प्रश्न : प्रभागाच्या व्हॉट्सॲप समूहात सातशे लोक आहेत. पाणी कधी येणार हे शोधायला शंभर ‘शुभ सकाळ’ ओलांडावे लागतात. शिवाय भांडणं. बंद करावा का? (नगरसेवकांचे कार्यालयीन सहायक)

बंद करू नका, त्याचे दोन भाग करा. माहिती एकतर्फी जागी आणि चर्चा दुसऱ्या जागी.

समूहात १,०२४ पर्यंत सदस्य बसतात, पण सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. प्रभागातल्या महिलांना नको त्या फोनचा त्रास होतो तो इथूनच. ब्रॉडकास्ट यादीत नंबर दिसत नाहीत, पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच. चॅनेल एकतर्फी असतं, अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आणि अलीकडचे संदेश वर सरकवून सापडतात. रोजच्या माहितीसाठी चॅनेल बरं. चर्चेसाठी मात्र सोसायटी किंवा गल्लीनिहाय छोटे समूह ठेवा, तिथे प्रत्येकी एकदोन जबाबदार माणसं.

मतदारयादी किंवा तक्रारींच्या वहीतून नंबर उचलून लोकांना परस्पर समूहात घालू नका. तक्रारीसाठी दिलेला नंबर प्रचारासाठी दिलेला नसतो. वैयक्तिक विदेच्या (माहितीच्या) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. संमती घेऊनच नंबर घ्यावा हे आता सौजन्यापुरतं राहिलेलं नाही.

आणि तक्रार समूहात आली की ‘पाहतो’ लिहून सोडू नका. महापालिकेच्या तक्रार प्रणालीत नोंदवून तक्रार क्रमांक त्याच ठिकाणी टाका. क्रमांक नसलेल्या तक्रारीला अधिकारी बांधील नसतो, हे लोकांना एकदा नीट समजावून सांगा.

प्रश्न : पाणी बंद असल्याचा संदेश येतो आणि पाणी चालू असतं, संदेश येत नाही तेव्हा बंद. असं का होतं?

कारण पाणी प्रभागाच्या हद्दीप्रमाणे येत नाही, टाकीप्रमाणे येतं. एकाच प्रभागात दोन-तीन टाक्यांचे झोन असतात आणि एका टाकीखाली तीन प्रभाग. ‘प्रभागात गुरुवारी पाणी बंद’ असा संदेश म्हणूनच निम्म्या लोकांसाठी चुकीचा ठरतो.

नीट संदेशात एवढं हवं : वार आणि तारीख दोन्ही, किती ते किती वाजेपर्यंत, कोणत्या टाकीवरचा किंवा जलवाहिनीवरचा भाग, कोणत्या सोसायट्या आणि गल्ल्या, कारण, आणि दुसऱ्या दिवशीची स्थिती. हे शेवटचं नेहमी राहून जातं. वाहिनी रिकामी झाल्यावर ती पुन्हा भरायला आणि आतली हवा निघायला वेळ लागतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, उंचावरच्या आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांना सगळ्यात शेवटी. सुरुवातीचं पाणी गढूळही असू शकतं, कारण वाहिनीत बसलेला गाळ सुटतो. एवढं आधी लिहिलं असेल तर त्या सकाळचे निम्मे फोन येत नाहीत.

तारीख न लिहिलेली चित्रं हा दुसरा रोग. ‘उद्या पाणी येणार नाही’ असं रंगीत चित्र सहा महिन्यांनी पुन्हा फिरतं आणि लोक टाक्या भरून ठेवतात. चित्राबरोबर तोच मजकूर अक्षरांतही टाका. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, आणि अंध व्यक्तीच्या फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो सहसा वाचू शकत नाही.

फोन न वापरणाऱ्यांसाठी ए-फोर कागदावर मोठ्या ठळक अक्षरांत छापून सोसायटीच्या फलकावर, रेशन दुकानात, सार्वजनिक नळाजवळ लावा. लावण्याआधी जागामालकाची परवानगी घ्या आणि मुदत संपल्यावर कागद काढा. विजेच्या खांबांवर आणि झाडांवर फ्लेक्स टांगणं बेकायदा आहे. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नगरसेवकाचा फोटो असला म्हणून सूट नाही.

प्रश्न : महापालिकेच्या सभेला सामान्य माणसाला बसता येतं का? कोणता विषय येणार हे कसं कळेल?

सर्वसाधारण सभा (काही शहरांत तिला मुख्य सभा म्हणतात) लोकांसाठी खुली असते, सभागृहाने बहुमताने तसं न ठरवलं तर. प्रेक्षक गॅलरीचा पास नगरसचिव (सभांचं कामकाज सांभाळणारे अधिकारी) यांच्या कार्यालयातून मिळतो. नगरसेवकाचं पत्र असेल तर सोपं जातं. तिथे बोलता मात्र येत नाही.

विषय कार्यपत्रिकेत असतात. ती आणि सभेचं इतिवृत्त नगरसचिवांकडे असतं. कार्यपत्रिका वाचताना शेवटचे विषय आधी वाचा. ऐनवेळचे आणि पुरवणी कार्यपत्रिकेतले विषय तिथे असतात आणि चर्चा न होता मंजूर होण्याचं प्रमाण त्यांचं जास्त. ‘तहकूब’ शिक्का पडलेला विषय मेलेला नसतो, तो पुढच्या सभेत पुन्हा येतो.

नगरसेवकाने लेखी प्रश्न आधी सूचना देऊन विचारला तर प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. हे लेखी उत्तर नगरसेवकाच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद आहे, आणि फार थोडे जण तो लोकांपर्यंत पोचवतात. आपल्या नगरसेवकांना विचारा : या वर्षी किती लेखी प्रश्न दिले, उत्तरं कुठे वाचायला मिळतील?

इथे एक गैरसमज दूर करतो. रस्ता करा, कर्मचारी पाठवा असा आदेश देण्याचा अधिकार नगरसेवकाला नाही. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे आहेत. नगरसेवक धोरण ठरवतो, पैसे मंजूर करतो, जाब विचारतो. ‘मी अधिकाऱ्याला सांगितलंय’ यापेक्षा ‘मी अमुक तारखेला पत्र दिलंय, आवक क्रमांक अमुक’ हे वाक्य म्हणूनच कितीतरी वजनदार.

प्रश्न : नगरसेवक माहिती देत नाहीत. थेट माहिती अधिकारात अर्ज करावा का?

करा, पण त्याआधी एक फुकटचा मार्ग आहे. राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फायली आणि नोंदी पाहता येतात. त्या दिवशी सुटी असेल तर दुसऱ्या दिवशी. फाईल पाहून कोणती पानं हवीत ते टिपून घ्या, मगच अर्ज लिहा.

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांपर्यंत. छायाप्रतीला पानाला दोन रुपये. मुदत ३० दिवस. मात्र शुल्क भरायचं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून पत्र येताच भरा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे.

सगळ्यात जास्त अर्ज फसतात ते ‘का’ या शब्दाने. ‘रस्ता खराब का झाला?’ याला ‘माहिती अभिलेखात नाही’ असं उत्तर येणारच. त्याऐवजी कागद मागा : ‘अमुक ते अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, गुणवत्ता तपासणीचे अहवाल आणि दोषदायित्व कालावधीचा तपशील यांच्या छायाप्रती.’ ‘का’चं उत्तर त्या पानांत सापडतं.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

अ, ब, क, ड ही विभागणी निवडणुकीतल्या जागांची आहे, प्रभागाच्या भागांची नाही. चौघंही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी. आपसांत गल्ल्या वाटून घेतल्या असतील तर ती त्यांची सोय. एकच पत्र चौघांच्या नावे लिहा, प्रत चौघांना द्या आणि प्रभाग कार्यालयात आवक करून घ्या.

प्रश्न : आचारसंहितेच्या काळात माहिती देणं बंद करायचं का? (नगरसेवक)

नवी घोषणा, उद्घाटन, भूमिपूजन बंद. पाणी, वीज, साथीचे आजार, वाहतूक बदल याबद्दल प्रशासनाने काढलेली सूचना तशीच्या तशी पुढे पाठवता येते. त्यात स्वतःचा फोटो, पक्षाचं चिन्ह, ‘माझ्या प्रयत्नांतून’ अशी ओळ घालू नका. शंका आली तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी विचारा. महापालिकेचं बोधचिन्ह आपल्या खासगी पत्रकावर तर एरवीही वापरू नये, ती सूचना अधिकृत आहे असा समज होतो.

प्रश्न : क्षेत्रसभा म्हणजे काय? आमच्याकडे कधीच झाली नाही.

ग्रामसभेसारखी शहरातली तरतूद. २००९ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली. नगरसेवक अध्यक्ष, त्या क्षेत्रातले (प्रभागाच्या ठरवलेल्या भागातले) मतदार सदस्य, आणि कामांचा प्राधान्यक्रम सुचवणं हे मुख्य काम. अनेक शहरांत क्षेत्रंच निश्चित न केल्यामुळे ती कागदावर राहिली. मात्र नगरसेवकाला अशी सभा स्वतःहून घ्यायला कोणी अडवत नाही.

घ्यायचीच तर आठवडाभर आधी विषय जाहीर करा, पाचांपेक्षा जास्त नकोत. कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक आणि पाणीपुरवठ्याचे अधिकारी यांना लेखी निमंत्रण द्या, नाहीतर सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील आणि त्यातली निम्मी तुम्हाला माहीत नसतील. संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ नोकरदारांना जमते. पण पाण्याची वेळ त्याच वेळी असेल तर घरातली बाई येऊ शकणार नाही, तेव्हा टाकीचं वेळापत्रक पाहून वेळ ठरवा. प्रत्येक विषयापुढे तीन रकाने ठेवा : काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. सभा संपताना ते मोठ्याने वाचून दाखवा, हजर अधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. दोन दिवसांत एक प्रत फलकावर लावा आणि एक प्रभाग कार्यालयात आवक करून घ्या. आवक क्रमांक पडला की ते इतिवृत्त कार्यालयाच्या अभिलेखात गेलं, आणि पुढे कोणालाही माहिती अधिकारात मागता येतं.